सेव्ह केलं होतं का?

आमच्या चाकणच्या कंपनीतलं स्क्रॅप रोज उचललं जातं, किस्से मात्र साचतच राहतात. त्यातले निम्मे हरवलेल्या फाइलींचे, आणि प्रत्येकात आमचे आयटीवाले दत्ताभाऊ. कुणी रडकं तोंड करून लॅपटॉप आणला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "सेव्ह केलं होतं का?" बहुतेक जण छताकडे बघतात!

*

प्लांट हेड साहेबांनी एकदा सकाळभर खपून प्रेझेंटेशन केलं. बंद करताना लॅपटॉपनं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? साहेबांनी दाबलं, 'नाही'.

"साहेब, 'नाही' कशाला दाबलंत?"

"सवय हो! दिवसभर रजेचे अर्जच बघतो ना!"

दत्ताभाऊंनी सगळं परत मिळवून दिलं. त्यांची स्वतःची रजा तरीही नामंजूर!

*

मी तर मेलमधूनच फाइल उघडून दिवसभर तिच्यात काम केलं आणि बंद केली. गायब! दत्ताभाऊंनी कुठल्याशा टेम्पररी फोल्डरमधून ती शोधली. मी हात जोडले, तर म्हणाले, "माझ्या नाही मॅडम, कंट्रोल-एसच्या पाया पडा."

*

पण सगळ्यांवर कडी सोपानकाकांची. काका जवळच्याच गावचे, तीस वर्षं पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मोठ्या प्रेसवर. रिटायर होणार म्हणून नव्या पोरांसाठी त्यांच्या डोक्यातलं सगळं मी चार दिवस बसून लिहून घेतलं. अकरा मुद्दे झाले. निरोपाच्या दिवशी, शाल-नारळ झाल्यावर, मी घाईत त्याच नावाची कोरी फाइल त्या फाइलीवर सेव्ह केली. दत्ताभाऊंनीही नकारार्थी मान हलवली. काकांची तीस वर्षं माझ्या एका क्लिकनं गेली. मला रडूच आलं.

काकांना फोन करून कबूल केलं. सोमवारी सकाळी काका गेटवर हजर, गळ्यात व्हिजिटर पास!

"काका, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. आमी काय मेलो न्हाई अजून. लिही पोरी. पन दर वळीला ते बटन दाबायचं."

मग दिवसभर, प्रत्येक ओळीला, "दाबलं का?" नोकरी संपलेला माणूस माझ्या चुकीसाठी आला होता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मंगळवारी दत्ताभाऊ धावत आले. जुनी फाइल बॅकअपमध्ये सापडली होती! दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. जुनीत अकरा मुद्दे, नवीत बारा.

बारावा असा: 'प्रेसचा आवाज बदलला तर साहेबांना विचारत बसू नये. आधी मशीन बंद करावं.'

मंजुरीसाठी मी नवीच फाइल साहेबांकडे पाठवली. त्यांनी बारावा मुद्दा दोनदा वाचला, काचेतून प्रेसकडे बघितलं, आणि 'हो' दाबलं.