ड्रायव्हरकाकांचं डिझेल

कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या इंजिनावर इतकं बोललेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल. आमचे ड्रायव्हरकाका येडशीच्या छोट्या लायनीवर चालवायचे कोळशाचं इंजिन आणि दिवसभर गोडवे गायचे डिझेलचे! लढाईवरून परतलेल्या कुठल्याशा शिपायानं हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलेलं. मी तिथं तिकीटबाबू, त्यामुळं ऐकण्यावाचून सुटका नव्हती. "डिझेल थेट चाकं फिरवीत न्हाय, बाबू! डिझेल फिरवणार डायनामो, डायनामो करणार वीज, आन् वीज फिरवणार चाकं!" मी पळालो की ते रामलिंगाच्या दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यांना गाठायचे. त्या बिचाऱ्या घाबरून समोरच्या इंजिनालाच हात जोडायच्या.

त्यांचं स्वतःचं इंजिन मात्र रोज सकाळी भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय जागचं हलायचं नाही. गार्ड शिट्टी फुंकून थको, काकांची पूजा आधी. आणि एकदा गाडी सुटली की फायरमन चाचांशी भांडण सुरू. "आरं, कोळसा टाकतुयास का अत्तर शिंपडतुयास?" चाचाही कमी नव्हते. "तुमकू जल्दी है तो उतर के ढकलो!" असं भांडून भांडून भूक लागली की दोघं फावड्यावर कांदे भाजून, एकाच फडक्यातली भाकरी मोडायचे. चाचांच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि मिळवणारे ते एकटे, हे काकांना चांगलं ठाऊक होतं.

अन् एके दिवशी देव पावला. लष्कराचं एक डिझेल इंजिन कुर्डुवाडीला मोठ्या लायनीवर थांबलं होतं. आमच्या लायनीला असलं इंजिन आणायचं रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या मनात होतं. काकांनी ते पाहावं, पसंत पडलं तर त्यांनाच शिकायला पाठवायचं, असा निरोप आला. दुभाष्या म्हणून मी बरोबर. काका नवा फेटा बांधून आले होते, नवरदेवच म्हणा ना! इंजिनावर चढले, दांड्यावरून हात फिरवला, खुर्चीवर बसून हसले. मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "साहेबाला इचारा, फायरमन कुठं हुबा राहतो?"

साहेब हसला. फायरमन लागतच नाही, म्हणून तर हे घ्यायचं! मी तसं सांगितलं.

काकांनी दांड्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग खाली उतरून म्हणाले, "सांगा त्याला, ह्ये आपल्या लायनीला न्हाय चालायचं. मला इजेचं लई भ्या वाटतं." साहेबानं कपाळाला हात लावला आणि विषय तिथंच मिटला. परतताना त्यांनी मला रामलिंगाची आण घातली, चाचांना खरं कारण कळता कामा नये; काका विजेला भ्याले, एवढंच सांगायचं.

मग काय, चाचांच्या हाती कोलीतच मिळालं. भर फलाटावर ओरडायचे, "हौ मियाँ, सालभर डिझेल डिझेल, और देखे तो पसीना छूटा!" काका मुकाट्यानं म्हणायचे, "व्हय बाबा, भ्यालो." माझा जीव तुटायचा. न राहवून एकदा मी म्हणालो, "काका, आता तरी खरं सांगून टाका की त्यांना."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच खुळा ठरलो. म्हणाले, "आन् सांगितल्यावर त्यो माझ्याशी भांडंल व्हय?"