कडेचे छत्तीस खळगे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काकू म्हणत. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते रक्तात किती उतरलंय हे मोजण्यात काकूंची सव्वीस वर्षं गेली होती. त्यासाठी पंजाएवढी प्लॅस्टिकची प्लेट आणि तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. प्रत्येकाच्या तळाशी ते प्रथिन पकडणारे प्रतिपिंड आधीच चिकटवलेले. वर रक्तद्रव घालायचं, उबदार कपाटात ठेवायचं, धुवायचं, मग रंग आणायचा. पिवळा जितका गडद, तितकं प्रथिन जास्त.

काकूंची एक रीत होती. चारही कडांचे मिळून छत्तीस खळगे त्या नुसत्या पाण्यानं भरत आणि नमुने मधल्या साठांतच लावत. नव्या मुलींना सांगत, "पातेल्यातलं दूध कडेनं आधी तापतं ना? तसंच हे. कडेचा खळगा लवकर तापतो, लवकर आटतो आणि नसलेलं प्रथिन दाखवतो."

तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. आल्या आठवड्यातच त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि काकूंची प्लेट वर धरली. "बघा. सव्वीस वर्षं या बाईंनी एकतृतीयांशाहून जास्त प्लेट पाण्यात घातली." लोक हसले. हसणारे एकोणीस होते, काकूंनी मोजले होते. मग साहेबांनी परिपत्रक काढलं, की एकही खळगा नमुन्यावाचून राहता कामा नये. काकूंच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'साहित्याची नासाडी करतात', आणि त्यांची रवानगी काचसामान धुण्याच्या खोलीत झाली.

काकूंनी कारणांसह दोन पत्रं दिली. दोन्हींवर साहेबांनी 'पाहिले' लिहून सही केली. त्यांच्या प्रती काकू पर्समध्ये ठेवत, चष्म्याच्या घरात घडी करून. चष्मा काढला की पत्रं हाताला लागत. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

"सोड ना आता," नवरा म्हणाला. "निवृत्तीला चार महिने राहिलेत."

"पुरे आहेत."

"कशाला पुरे?"

"तुम्ही चहा घ्या. गार होतोय."

काकू स्वभावानं गरीब होत्या. हाताखालच्या मुलीच्या हातून बाटली फुटली तर आधी तिचं बोट बघायच्या, मग बाटली. पण हा शेरा घेऊन घरी जायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी बांधलं होतं. आणि तो खोडताना त्या एकोणीस जणांनी बघायला हवं होतं.

तपासणी ठरली. बाहेरून एक निरीक्षकबाई चाळीस नळ्या घेऊन यायच्या होत्या. आदल्या दिवशी काकूंनी एक फोन केला, एवढंच.

निरीक्षकबाई आल्या आणि म्हणाल्या, "प्लेट तुमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या माणसानं लावायची."

साहेबांचा चेहरा उतरला, पण काकूंना बोलवावं लागलं. काकूंनी हात पुसले, हातमोजे चढवले आणि शांतपणे विचारलं, "साहेब, कशी लावू?"

"परिपत्रकात आहे तशी."

"कडेलासुद्धा नमुने घालू?"

"काकू, बाहेरच्या माणसांसमोर वाद नको."

"बरं, साहेब. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी शहाण्णवच्या शहाण्णव खळगे भरले. साहेब शेजारी उभे राहून समाधानानं मान डोलवत होते, आणि काकू त्यांना ती डोलवू देत होत्या.

दुपारी आकडे आले. निरीक्षकबाईंनी कागद दोनदा पाहिला. "चाळीसही नळ्यांत एकाच माणसाचं रक्तद्रव होतं. मधले आकडे सारखे आहेत आणि कडेचे सगळे वर गेलेत. हे असं किती दिवस चाललंय?"

साहेब म्हणाले, "हात बसलेला नाही. तीन वर्षं धुण्याच्या खोलीत असतात त्या."

काकूंनी चष्मा काढला. चष्म्याच्या घरातून दोन्ही पत्रं काढून टेबलावर उलगडली, शेजारी परिपत्रक ठेवलं.

निरीक्षकबाई वाचत राहिल्या. साहेबांनी कपाळ पुसलं.

"'पाहिले' ही सही तुमचीच?"

"हो."

"म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासांतले सगळे आकडे पुन्हा काढावे लागणार. तसं मी लिहिते."

साहेबांनी आवाज खाली आणला. "काकू, तो शेरा मी आजच खोडतो. माझ्या केबिनमध्ये चला."

"केबिनमध्ये नको. तेव्हा होते तितक्या लोकांसमोर खोडा. आणि मोठ्यानं वाचून."

"तितके आता कुठून आणू? अठराच उरलेत. एक ते स्टोअरवाले होते, ते कधीच निवृत्त झाले."

"ते बाहेर बाकावर बसलेत," काकू म्हणाल्या. "काल फोनवर मी चारची वेळ दिली होती, पण ते सकाळीच आले. म्हणाले, त्या दिवशी मीही हसलो होतो, आज उशीर नको."

साहेबांनी सेवापुस्तक मागवलं. माणसं येऊन भिंतीला लागून उभी राहिली. काकूंनी एकोणीस मोजले, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "वाचा साहेब. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."