नळाला बांधलेली शेळी

मी तोंड उघडतो ते बहुतेक वेळा फेकायलाच, हे मला ओळखणारा कुणीही तुम्हाला सांगेल. गंगापूर धरणात आठ दिवस बुडालेल्या मोबाइलमधून मी एकाच्या लग्नाचे सगळे फोटो काढून दिले – आणि त्यातले तीन माशांनी काढलेले होते, असं मी शपथेवर सांगत असतो. पण एका बाबतीत ही जीभ आजवर हललेली नाही. बायकोपुढे नाही, चार पेग पोटात गेल्यावर नाही, त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत चार तास उभा होतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. आज सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी मी सांगत फिरतो ती गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयाची वेबसाइट हॅक झाली होती. पाणीपुरवठ्याची. ‘प्रत्येक घरी नळ, प्रत्येक नळाला पाणी’ अशी पट्टी तिच्यावर कायम सरकत असायची, आणि खाली हंडा भरणाऱ्या हसऱ्या बायकांचा फोटो. एका दुपारी त्या बायका गेल्या आणि तिथे आली एक शेळी. डोंगरातल्या पाड्यावरचा कोरडा नळ, त्याला दाव्याने बांधलेली शेळी, आणि खाली ओळ – ‘या नळाचा आमच्या शेळीला फार उपयोग होतो. पाणी आलं की कळवू.’ दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी. हॅकर अज्ञात.

तो अज्ञात मी. रोमानियातल्या सर्व्हरवरून शिरलो, सात भिंती फोडल्या, पाचव्या भिंतीशी एक रशियन पोरगा आडवा आला आणि माझं काम बघून सलाम ठोकून गेला. वेबसाइट तीन दिवस माझ्या ताब्यात होती.

खरं म्हणजे पावणेतीन तास. आणि भिंत एकही नव्हती.

मी प्रिंटर दुरुस्त करतो. गंगापूर रोडवर दुकान आहे. हॅकिंगमधलं मला तेव्हाही काही येत नव्हतं, आजही येत नाही. त्या कार्यालयातले प्रिंटर आणि कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार चकरा व्हायच्या. तिथे विमल नावाची कंत्राटी ऑपरेटर होती. पेठच्या पलीकडे, घाटाखालच्या पाड्यावरची. पाड्यावरून सरकारी कार्यालयात खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. तिचा बाप ओळखपाळख नसलेल्यालाही थांबवून सांगायचा, पोरगी हापिसात हाय म्हणून.

तिची घरी जायची शेवटची जीप साडेपाचला सुटायची. आणि साहेब दिवसाची माहिती सही करून द्यायचे ते पाचला. ती वेबसाइटवर चढवायला अर्धा तास. मग काय करायची बिचारी? मी दिसलो की हातातले कागद माझ्यापुढे ठेवायची.

“दादा, एवढं चढवून द्या ना. जीप चुकंल माझी.”

“आणि तुझ्या साहेबांनी विचारलं तर?”

“साहेबांना काय कळतंय त्यातलं! त्यांचा पासवर्डबी मीच लिहून ठेवलाय.”

तिचं हे काम करता करता तिचाही पासवर्ड मला मिळाला. कुठल्या भिंतीमागून नाही. तिला घरी वेळेवर पोचायचं होतं, म्हणून.

तो फोटोही तिचाच. पाड्यावर नळ बसवून वर्ष झालं होतं, पाण्याचा पत्ता नव्हता. एकदा जेवताना तिने मोबाइल पुढे केला. “बघा दादा, आमचा नळ. शेळी बांधायला लय भारी.” दोघंही पोट धरून हसलो. मी म्हटलं, मला पाठव. तिने पाठवला.

आता माझा ग्रुप. आम्ही सात-आठ जण दर रविवारी मिसळीवर जमायचो. पाण्यासाठी त्याच कार्यालयात निवेदनं द्यायचो, बाहेर धरणं धरायचो, कुणी ढुंकून बघायचं नाही. एका रविवारी आमचे वकीलसाहेब वैतागून म्हणाले, निवेदनांवरचे पोचेचे शिक्के जमवून आता त्यांचं प्रदर्शन भरवू. आणि मी – मला गप्प बसता येतं का? – मी म्हटलं, शिक्के सोडा, त्यांची वेबसाइटच उडवतो.

“भाई, पुढच्या रविवारपर्यंत,” वकील म्हणाले. “नाही उडाली, तर या टेबलावर परत तोंड उघडायचं नाही.”

मला दुसरी कसली भीती घातली असती तर चाललं असतं.

बुधवारी दीड वाजता सगळे डबे खायला गेले. मी प्रिंटर उघडून बसलो होतो. उठलो, विमलच्या खुर्चीत बसलो, तिच्या नावाने आत शिरलो, बायकांचा फोटो काढला, शेळीचा लावला, ओळ लिहिली. चार मिनिटं लागली. शिपाई एकदा डोकावून गेला, “काय इंजिनिअर, जेवायचं नाय का?” एवढंच.

तेव्हा मला काय वाटत होतं, तेही सांगतो. आनंद. खरा आनंद. ती ओळ मला आजही आवडते. तो फोटो तिथे लागायलाच हवा होता, असं आजही वाटतं. माझं पाप ते नाही. पाप त्यानंतरचं आहे – आणि बघा, अजून मी त्याच्याभोवती घिरट्याच घालतोय.

सव्वाचारला वरून फोन आला. साहेब घामाघूम. त्यांनी फोटो उतरवायला लावला आणि विमलला उभं केलं.

“ही शेळी कुणाची?”

हसू येतं ना? तेव्हा कुणाला आलं नाही.

“आमचीच हाय, साहेब,” विमल म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. “नळबी आमचाच. पण हे मी नाय केलं.”

मग साहेब माझ्याकडे वळले. तिथे कॉम्प्युटरमधलं कळणारा म्हणून मीच होतो. ते म्हणाले, “नीट बघून सांगा. बाहेरून कुणी केलं असेल तर सायबर पोलिसांना कळवतो. इथलंच असेल तर इथेच मिटवू.”

मी मशीनपुढे बसलो आणि उगाचच काहीबाही उघडून बघत राहिलो. पोलीस आले तर? शिपायाने मला पाहिलंय. तो फोटो विमलने कुणाला पाठवला, ते तिच्या फोनमध्ये आहे. मागे विमल उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी काय म्हणायला हवं होतं? ‘सांगता येत नाही, साहेब.’ एवढंच पुरलं असतं. किंवा माझी नेहमीची फेकाफेक – रोमानिया, रशियन पोरगा. आयुष्यभर दोन पैशांच्या टाळीसाठी खोटं बोलणारा माणूस मी. त्या दिवशी एका खोट्याने एक माणूस वाचत होतं.

आणि मी खरं बोललो.

“बाहेरून नाही, साहेब. याच मशीनवरून झालंय. विमलच्याच लॉगिनने.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. साहेबांनी ते लिहून मागितलं. मी लिहून दिलं, सही केली, वर दुकानाचा शिक्का मारला.

विमलने माझं नाव का घेतलं नाही? पासवर्ड दादालाही माहीत आहे, एवढं ती म्हणू शकली असती. आपलं काम माझ्याकडून करून घेते हे बाहेर येईल, म्हणून गप्प राहिली? की माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही? मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी आली. वेबसाइटवर हंडेवाल्या बायका परत आल्या. रविवारी ग्रुपने माझ्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की खांदा दुखला. मी त्यांना पाचव्या भिंतीपर्यंत नेलं. विमलबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दोन वर्षांनी ती मला पेठ नाक्यावर भेटली. बायकांच्या घोळक्यात, डोक्याला रुमाल बांधून, द्राक्षबागेत कामाला जायला गाडीची वाट बघत. मी पलीकडून सटकणार होतो. तिनेच हाक मारली.

“दादा! ओळखलं का?” बरं आहे का, दुकान कसं चाललंय, सगळं विचारलं. मग जरा जवळ आली. “दादा, एक विचारू? तवा मशीन चुकलं असंल का हो? बाबाला अजून वाटतं मीच केलं. पोरीने हापिसात तोंड काळं केलं म्हणतो. दोन वर्षं बोलत नाय माझ्याशी.”

मी म्हटलं, “हो, चुकतात मशिनी कधीकधी.”

“बघा!” तिचा चेहरा एकदम उजळला. “मग घरी सांगते असं. तुमी म्हनला म्हणून सांगते.”

तिची गाडी आली. चढताना तिने हात केला, मीही केला.

मशीन चुकलं नव्हतं. विमलने काही केलं नव्हतं. तिच्या खुर्चीत बसून मी केलं, आणि तिच्या नावावर टाकून खाली सही केली तीही मीच. तिच्या बापाला हे सांगायला पाड्यावर जावं लागतं. दोन तासांची वाट आहे. मी गेलेलो नाही.