चौतीस गुणांचा जर्मन पेपर

पुण्यात हट्टी माणसांची वाण कधीच नव्हती, पण दर पाडव्याला पाच परक्या भाषांचा संकल्प करून तो दाराला टांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते धायरीतल्या आमच्या सोसायटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्यावर इमारतीत बरेच विनोद चालतात. त्यातले चांगले दोन-तीन माझे आहेत. मी गणिताचा निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. विनोद पुष्कळ झाले, म्हणून आता खरं काय ते लिहून ठेवतो.

संकल्प साधा असे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश. खाली टीप : ‘बेल वाजवल्यास उत्तर कोणत्या भाषेत येईल याची हमी नाही.’ पाच भाषा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्यांनी घर वाटून दिलं होतं. स्वयंपाकघरात फ्रेंच, न्हाणीघरात स्पॅनिश, जिन्यात जपानी, बाल्कनीत रशियन. जर्मन तेवढी सकाळी फिरायला जाताना, एकट्यानं. नियम म्हणजे नियम. दूध उतू गेलं तरी हळहळ फ्रेंचमध्येच. खाली भाजीवाली आली की ते बाल्कनीतून रशियनमध्ये मेथी मागत. ती मान वर करून शांतपणे म्हणे, “काका, काय बी बोला, मेथी संपली.” घरातल्या प्रत्येक डब्यावर पाच-पाच चिठ्ठ्या होत्या. त्यांच्याकडच्या कामवाल्या मावशींनी एकदा दोन डबे हातात धरून विचारलं, “मीठ कंच्या भाषेत हाय तेवढं सांगा, भाजी करपाया लागलीय.” ते बाहेरच्या खोलीत होते, म्हणून मराठीत उत्तर मिळालं.

या सगळ्यावर वर्षाअखेरीस परीक्षा असे, आणि परीक्षक मी. मला यांतली एकही भाषा येत नाही, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले, “उत्तम. भाषा कळणारा परीक्षक पक्षपात करतो.” पाडव्याला ते पाचही प्रश्नपत्रिका स्वतःच काढत, पाकिटात घालत, डिंकानं चिकटवत आणि जोडावर सही करून माझ्या कपाटात ठेवायला देत. फाल्गुन अमावस्येला मी पाकीट फोडायचं, घड्याळ लावून बसायचं. वर्षभरात ते प्रश्न खरोखरच विसरलेले असत. लेखी झाली की दहा मिनिटं तोंडी. मी अक्षर, समास आणि खाडाखोड बघून लेखीचे गुण देई, आणि किती वेळा अडखळले ते मोजून तोंडीचे. पस्तीसला पास. नापास झालेली भाषा पुढचं वर्षभर कोणाशीही बोलायची नाही, पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवायची. एका वर्षी जपानीत ते तेहेतीसवर अडकले, तर वर्षभर जिना मुकाट्यानं चढले.

आता माझी गोष्ट. एका फाल्गुनात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आम्ही चार-पाच जण लिफ्टपाशी उभे होतो. ते मला म्हणाले, “सर, निवृत्त झाल्यापासून तुम्ही नवीन काय शिकलात?” मी म्हणालो, “काही नाही.” ते म्हणाले, “ते दिसतंच.” लोक हसले. बोलणं कुजकं नव्हतं, त्यांच्या तोंडी ते नेहमीचंच होतं. मला मात्र ते लागलं, कारण खरं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा जर्मनचा पेपर माझ्यासमोर आला. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. तोंडीत दहा मिनिटं ते एकदाही अडखळले नाहीत. मी चौतीस गुण दिले आणि खाली सही केली.

त्यांनी कागद दोनदा वाचला. “कुठे चुकलं?” असंही विचारलं नाही. पाडव्याला निकाल दाराला लागला : चार भाषा पास, जर्मन नापास. सोसायटीत चार दिवस करमणूक झाली. मीही हसलो.

त्यांची एकुलती एक मुलगी जर्मनीत असते, नवरा तिथलाच. त्या डिसेंबरात ती सासऱ्यांना घेऊन दहा दिवस आली. व्याही उंच, पांढऱ्या भुवयांचे, शांत गृहस्थ. मुलगी दिवसभर लॅपटॉपवर असायची आणि दोघे म्हातारे बाहेरच्या खोलीत खिडकीशी मटार सोलत बसायचे. एका दुपारी मी तिथे होतो. व्याह्यांनी समोर सिंहगडाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बराच लांब प्रश्न होता. आमचे समोरचे हसले, हात जोडले आणि पुन्हा मटार सोलू लागले. मी हळूच म्हणालो, “अहो, बोला की. येतं तुम्हाला.”

“नापास आहे मी, सर. तुमचीच सही आहे.”

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि मी कप उचलला.

व्याही परत गेले आणि माघात वारले. झोपेतच गेले, असं मुलीनं कळवलं. तरीही अमावस्येला आमचे समोरचे पाचही पेपरांना बसले. मी जर्मनला एकाहत्तर दिले. त्यांनी गुण वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पास. आता बोलायला हरकत नाही.”

“कोणाशी?” मी विचारून गेलो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “सर, मला जर्मन एकटीच हवी होती. पण मुलीचा बाप म्हातारपणी व्याह्यांची भाषा घोकतोय म्हटल्यावर लोक म्हणाले असते, लग्न होऊन गेलं तरी हात जोडून उभा आहे. पाच भाषा शिकणाऱ्याला नुसतं वेडा म्हणतात. ते चालतं.”

हे ऐकूनही मी दोन वर्षं काही बोललो नाही. रोज दार उघडलं की समोर त्यांचं दार. शेवटी बायकोला सांगितलं. ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, “अहो, जाऊन सांगा की. ते काय तुम्हाला शाळेतून काढणार आहेत?”

गेलो. उभ्यानंच सांगितलं, लिफ्टपासून सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. आत जाऊन फाईल आणली, चौतीसवाला पेपर काढला आणि माझी सही बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, आता दार दाखवतील.

“फेरतपासणीची मुदत उलटून गेली,” ते म्हणाले. मग पेपर माझ्या हातात दिला. “पण घेऊन जा. वाचता येईल तेव्हा गुण द्या.”

या पाडव्याला त्यांच्या दारावर नेहमीच्या पाच भाषा आहेत आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘सर : जर्मन’. परीक्षक ते. इमारतीत नवे विनोद सुरू झालेत. बाकीच्यांचे असतील तसे असोत, माझे मात्र मी मागे घेतो.

रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो आणि दुपारी मी तो पेपर काढून बसतो. वरचा प्रश्न त्यांच्याच हातचा, मराठीत आहे. समास मोजण्याच्या नादात मी तो त्या वेळी वाचलाच नव्हता : ‘व्याही घरी आले आहेत. त्यांच्याशी गप्पा मारा.’ उत्तराची पहिली दोन वाक्यं मला आता लागतात. या, बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला? तिसऱ्या वाक्यात सिंहगडाचं नाव आहे, तेवढं ओळखू येतं. त्यापुढचं अजून वाचता येत नाही.