अर्लने सांगितलेली तीन नावे

औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माणूस मी. ज्याचे कारण सापडत नाही त्याचे कारण अजून शोधले गेलेले नाही, एवढेच मानत आलो. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवही करमणूक म्हणूनच वाचत असे. आज स्वतः लिहायला बसलो आहे, तेही शरमून.

१९९५चा हिवाळा. ऑकलंडमध्ये, सँडरिंगहॅमच्या मुख्य रस्त्यावरच्या एका फार्मसीत मी नोकरीला होतो. अर्ल नावाचे वृद्ध अमेरिकन तिथे हृदयाच्या गोळ्या न्यायला येत. तरुणपणी त्यांनी रॉकाबिलीच्या, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन रॉक संगीताच्या, एका रेकॉर्डवर डबल बेस वाजवला होता — माणसाएवढे वाद्य, तारा ओढून तळव्याने थापटायचे. रेकॉर्ड चालली नाही.

"डॉक, या बाटलीवर माझं नाव, तुझ्या दुकानाचं नाव, सगळं असतं," ते म्हणत. "रेकॉर्डवर फक्त गाणाऱ्याचं होतं. बोटं सोलली माझी."

एकदा त्यांनी कॅसेट आणून दिली. त्या गाण्याची त्यांच्याजवळची एकमेव टेप, आणि शेवटी त्यांच्या आवाजात ड्रम, गिटार, पियानो वाजवणाऱ्यांची नावे. ते तिघेही वारले होते. नावे आणखी कुठेच नव्हती. ख्राइस्टचर्चला राहणाऱ्या मुलीसाठी, डोनासाठी, कॉपी हवी होती. माझ्याकडे डबल डेक, म्हणजे दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता.

मी कॅसेट उलट्या कप्प्यांत घातल्या. कोरी कॅसेट मूळ टेपवर उतरली. दोन्ही बाजू तीनदा ऐकल्या… नुसती खरखर.

"अहो, सांगून टाका त्यांना," माझी पत्नी सुनंदा म्हणाली.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी अर्लच आले. "झाली कॉपी?"

"झाली. छान आली आहे."

"मग दोन्ही तुझ्याकडेच राहू दे. डोना आली की तिला दे."

आठवड्याने ते गेले. डोनाने फोन करून अंत्यविधीला टेप आणायला सांगितली. मी ती पुसलेली टेपच घेऊन गेलो. "खराब झाली असावी," हे वाक्यही पाठ करून ठेवले होते.

दुपारचे दोन. चॅपेलमध्ये आम्ही जेमतेम चौदा जण. डोनाने बटण दाबले. खरखर… आणि मग बेसची थाप. पूर्ण गाणे. मग अर्लचा आवाज — एकेक वाद्य, एकेक नाव, सावकाश. शेवटी, "आणि हे जपून ठेवल्याबद्दल डॉकचे आभार." माणसे वळून माझ्याकडे पाहू लागली. सुनंदाने माझा हात धरला.

नंतर चहा घेताना डोनाने विचारले, "ड्रमवाल्याचं नाव काय म्हणाले डॅड?"

कोणालाच आठवेना. तिन्हींतले एकही नाव, चौदापैकी एकालाही. तिने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. खरखर.

"हरकत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे कॉपी आहे ना? छान आली आहे, असं डॅड सांगत होते."

"शोधतो," मी म्हणालो.

तीन वर्षे झाली. टेप कधी कधी पुरती पुसली जात नाही, असे एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितले. मग ती पुन्हा का वाजली नाही, आणि चौदा माणसे एकाच वेळी कशी विसरली, हे त्याला सांगता आले नाही. मलाही येत नाही. डोना दर ख्रिसमसला कार्ड पाठवते. खाली एक ओळ असते — कॉपी सापडली का? आज सारे कबूल केले खरे, पण मराठीत… जी तिला वाचता येत नाही.