निरंक अहवालाखाली माझी सही

शहरालगतच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी मुलगी होती, आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष होते. कर्तृत्व शून्य. पालकसभेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कायदा सांगितला: समितीत निम्म्या तरी बायका हव्यात आणि अध्यक्ष पालकांतलाच हवा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेवढी वर बघत होते, पंखा का फिरत नाही म्हणून. झाले अध्यक्ष!

सभा महिन्याला. पण समितीतलं कोणी गोदामात माल उतरवणारं, कोणी चार घरची धुणीभांडी करणारं. भरदुपारी येणार कोण? मग आमच्याकडे एक रीतच पडली. जो सभेला येत नाही, त्याच्याकडे रजिस्टर जायचं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पिशवीत रजिस्टर घालून घरोघर फिरायच्या. माझ्या शिलाईच्या दुकानात आल्या की मी मशीनवरून न उठता सही ठोकायचे, खाली ऐटीत 'अध्यक्ष'. वरून परिपत्रकांचा तर पाऊस होता: सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी बसवा, शाळाबाह्य मुलं शोधा. मोठ्या बाई प्रत्येक कागद रजिस्टरात खोचून पाठवायच्या आणि वर पेन्सिलीने लिहायच्या, 'वाचून सही करावी'. सही व्हायची. वाचायचं राहून जायचं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मावशी आल्या, मी एका नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या जोडत होते. त्या दिवशी शाळाबाह्य मुलांचा अहवाल होता. संख्येच्या रकान्यात एकच शब्द: निरंक. म्हणजे आमच्या भागात एकही मूल शाळेबाहेर नाही. मला बरं वाटलं, छातीही जरा फुगली. केली सही.

चारच दिवसांनी ट्रकवाल्यांच्या खानावळीत पोळ्या लाटणारी बाई दुकानात आली. ती मागच्याच चाळीत भाड्याने राहायची. सोबत तिची दहा वर्षांची मुलगी. शाळेची वेळ होती, म्हणून मी मुलीलाच विचारलं,

"काय वं, आज शाळेत नाही गेली?"

उत्तर आईने दिलं. "नाव कुठं आहे तिचं? आधी आम्ही मौद्याले होतो, हिचा बाप तिकडं प्लांटवर ठेक्यात होता. टीसी तिथंच राहिली. तिथले म्हणतात बापाले आणा, अन् बाप ट्रक घेऊन फिरून राहिला. तीनदा गेली मी, शहरात बर्डीवर बस बदलून."

माझा पारा चढला. तो चढायला वेळ लागत नाही. "शाळेनं परत पाठवलं तुले? थांब, आत्ता विचारते मोठ्या बाईले!"

"शाळेत कुठं गेली मी?" ती म्हणाली. "मले कोण ओळखते तिथं? तुम्ही अध्यक्ष म्हणून तुम्हालेच विचारलं होतं ना ताई, नागपंचमीच्या आधी. तुम्ही म्हटलं, टीसीशिवाय घेत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणून जास्त लागलं. मला काही आठवेना, आणि मग आठवलं. भाजीच्या ठेल्यापाशी, चेंज मोजता मोजता. माझ्या लहानपणी दाखल्याशिवाय कोणाला उभं करत नसत, तोच कायदा मी बिनधास्त सांगून मोकळी झाले होते.

दुकानाचं शटर ओढून मी दोघींना घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी रजिस्टर काढलं आणि त्यातला एक कागद माझ्यासमोर ठेवला. टीसी नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवू नये, वयाप्रमाणे वर्गात बसवावं आणि दाखला शाळेनेच मागवून घ्यावा. वर पेन्सिलीने तेच, 'वाचून सही करावी'. खाली माझी झोकदार सही.

"हा तं तुमच्याकडे जूनमध्येच येऊन गेला होता, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "माझंही चुकलं. गुरुजी सर्व्हेले गेले तं यांच्या खोलीले कुलूप होतं. मी निरंक लिहून टाकलं."

कुलूप असणारच. ती तेव्हा टीसीसाठी मौद्याला गेली होती.

नाव घालायला दहा मिनिटं लागली. मुलगी पाचवीत बसली. मागं पडलेला अभ्यास मोठ्या बाई मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा उघडून तिला शिकवत, आणि डब्यातलं अर्धं तिलाच देत. या बाईंना मी मनातल्या मनात किती वेळा 'कागदी बाई' म्हटलं होतं, ते आठवून आजही लाज वाटते.

पुढच्या सभेला मी सगळ्यांना रविवारी सकाळी बोलावलं. पंधराच्या पंधरा आले नाहीत, पण नऊ आले. मीच ठराव लिहिला: 'मागील अहवालातील निरंक चुकीचे आहे. अध्यक्षांनी कायदा न वाचता चुकीची माहिती दिल्यामुळे एक मुलगी पाच महिने शाळेबाहेर राहिली.'

"एवढं कशाले लिहिता?" मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या. "तपासणीत साहेब तुम्हालेच धरतील."

"धरू द्या," मी म्हटलं.

मुलीची आईही पालक म्हणून आली होती. रजिस्टर फिरत फिरत तिच्यापुढे गेलं. आमच्यातल्या कोणीच जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. सही करायच्या आधी रजिस्टर मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वाच."

मुलीने बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचलं. 'एक मुलगी' म्हणजे आपणच हे तिला कळलं असावं, कारण तिथे तिचं बोट जरा थांबलं. मग तिने पुढचं वाचून संपवलं. मी जमिनीकडे बघत होते.

आईने बोटांवर महिने मोजले.

"पाच नाही ताई, सहा," ती म्हणाली. "कायद्याचं आहे ना? मंग बराबर लिहा."

मी पाच खोडलं, सहा लिहिलं आणि बाजूला सही केली. या वेळी आधी सगळं वाचून.