अर्धा काळा तारा

“तिचे पप्पा वॉर्डन आहेत न, म्हणून ती चमकून नाही राहिली,” पूर्वेचा एक ज्ञानी दुसऱ्याच्या कानात म्हणाला.

नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती. ताऱ्याच्या उजेडात बाळ येशूकडे निघालेले, आयांच्या साड्या गुंडाळलेले तीन ज्ञानी चर्चच्या मधल्या वाटेत खोळंबले होते. पुढे बाकावर तारा उभा होता. सातेक वर्षांची मुलगी, डोक्यावर चंदेरी पुठ्ठा, हातात बॅटरी. बॅटरी बंद.

एकाहत्तरची लढाई नुकतीच सुरू झाली होती. जबलपुरात दारूगोळ्याच्या एवढ्या फॅक्टऱ्या, त्यामुळे ब्लॅकआउट कडक. चर्चच्या रंगीत काचांनाही काळा कागद लागला होता. ताऱ्याचे वडील दिवसभर फॅक्टरीत असत आणि अंधार पडला की वॉर्डन म्हणून, उजेड दिसेल तिथं शिट्टी मारत गल्लीत फिरत. आमच्या दारावरचा नाताळचा दिव्याचा तारा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवला होता आणि अदबीने आईच्या हातात दिला होता.

संडेस्कूलच्या नेहमीच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, आणि मी कॉन्व्हेंटात शिकलेली, एवढ्यावर वर्ग माझ्या गळ्यात पडला. देव आंघोळ करतो का, देवाचं आडनाव काय, असलं मुलं मुद्दाम मला विचारत. उत्तर मला सुचायचं, पण इंग्रजीत आणि घरी पोचल्यावर. तोवर मी म्हणायचे, “चला, गाणं म्हणू या.”

“बॅटरी लाव ना,” मी ताऱ्याला म्हटलं.

“नाही, दीदी. पप्पा शिट्टी मारतील.”

“अगं, सकाळ आहे.”

“गोष्टीत तर रात्र आहे न.”

हे खरंच होतं.

“मग आम्ही कुठं जायचं?” एका ज्ञान्याने विचारलं.

“ग्वारीघाटला जा, नर्मदेत डुबकी मारून या,” मेंढपाळ म्हणाला. मेंढरं हसत सुटली.

तारा हसला नाही. तिने ज्ञान्यांकडे बोट दाखवलं. “हे म्हणतात, माझे पप्पा येशूचे तारे उतरवतात, म्हणजे ते बाळाला मारायला निघालेल्या हेरोद राजाकडून आहेत. आहेत का, दीदी?”

आता गाणं म्हणू या म्हणणं शक्य नव्हतं. दाराबाहेर तिला सोडायला आलेल्या वडिलांची सायकल उभी होती.

“पप्पांनी सायकलच्या दिव्याला वरून काळा रंग काहून दिला?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“उजेड खाली पडावा म्हणून. वरून विमानाला दिसत नाही.”

“गोष्टीतल्या ताऱ्यालाही तुझ्या पप्पांसारख्याच कोणीतरी तसा रंग दिला होता. हेरोदाला पत्ता लागू नये म्हणून.”

मागच्या बाकावर चर्चचे पाळकसाहेब खोकले. मी तिकडे पाहिलं नाही.

ताऱ्याने विचार केला. “मग वरून देवाला कसं दिसलं?”

सगळी मेंढरं माझ्याकडे पाहू लागली.

“देव त्या रात्री वर नव्हताच,” मी म्हटलं. “तो खाली होता, बाळ होऊन गोठ्यात, आणि तिथं फार अंधार होता. लाव बॅटरी.”